माळवद आणि माशांची पेटी

लातूरच्या घरी माशांसाठी चार फुटी काचपेटी घ्यायची ठरली. चार बाय दीड बाय दीड, म्हणजे अडीचशे लिटर... नुसत्या पाण्याचंच वजन अडीच क्विंटल! टीव्हीचं टेबल बाद.

सुतारमामा म्हणाले, "किल्लारी आठवा की साहेब." ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या, हजारो माणसं गेली. पण लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा पक्का होता तिथे भिंती पडूनही कुठेकुठे माळवद उभं राहिलं.

म्हणून सागाचे सहा पाय, तिरप्या पट्ट्या; पेटीचा भार सरळ पायांवर.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. तेव्हा मासे नांदेडला मित्राकडे होते आणि या स्टँडवर आमच्या पिण्याच्या घागरी.