मिरजेचें सितारमेकर घराणें



नभोवाणीवर गायकाचा पहिला षड्ज निघण्यापूर्वीं जो गुंजारव आपल्या कानीं पडतो, तो तंबोऱ्याचा. गवयाचें नांव निवेदक सांगतो. तंबोरा करणाराचें नांव कोणी सांगत नाहीं. अशा न सांगितलेल्या नांवांपैकीं एका घराण्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

मिरजेचे शिकलगार मूळचे तलवारींस धार लावणारे. इंग्रजी अंमल स्थिरावल्यावर हत्यारांचें काम आटलें आणि या कसबी लोकांपुढें पोटाचा प्रश्न उभा राहिला. त्यांपैकीं फरीदसाहेबांनीं इ. स. १८५० च्या सुमारास तंतुवाद्यांच्या दुरुस्तीस हात घातला, आणि पुढें स्वतःच सतारी-तंबोरे घडविण्यास आरंभ केला. पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा चालला व ‘सितारमेकर’ हें आडनांवच होऊन बसलें.

पटवर्धन संस्थानिक गाण्याचे शौकीन, त्यामुळें गिऱ्हाइकही जाणतें लाभलें. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेस होते. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं त्यांच्यापाशीं येथेंच विद्या घेतली. पुढें खांसाहेब अब्दुल करीमखां येथें राहिले. १९३७ सालीं ते निवर्तल्यावर त्यांचें दफनही मिरजेच्या दर्ग्याच्या आवारांत झालें. सुराच्या बाबतींत इतका काटेकोर गवई शेजारीं असला, म्हणजे कारागिरास आळस परवडत नाहीं.

पंढरपूर भागांतील मोठा भोपळा वाळवून कापावा, त्यास तुणीच्या लाकडाची दांडी जोडावी, तोंडावर तबली व तबलीवर घोडी बसवावी, ही झाली तंबोऱ्याची बांधणी. त्याचें मर्म मात्र जवारींत आहे. घोडीचा माथा कानशीनें किंचित् उतरता घासतात. तार तेथें हलकेंच टेकत राहते आणि एका सुरांतून अनेक उपस्वर फुटतात. केसाएवढा उतार ओळखण्याची संवय धार लावणाऱ्या हातांस आधींच होती.

एकदां मिरजेच्या एका दुकानांत मी हें काम पाहिलें. वृद्ध कारागीर तार छेडी, ऐके, कानस एकवार फिरवी, पुन्हां ऐके. मुलगा समोर नुसता बसला होता. “याच्या हातीं कानस केव्हां देणार?” मी विचारलें. “मास्तर, आधीं कान तयार होऊं द्या,” ते म्हणाले.

आतां विजेवर वाजणारा तंबोरा घरोघरीं आला आहे. तो सोयीचा आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्याला जवारी काढावी लागत नाहीं. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. नांवाचें रक्षण कायदा करील. कानाचें रक्षण कायद्यानें होत नाहीं. तें काम मिळत राहिलें तरच होतें.

आपल्या घरीं एखादा तंबोरा खुंटीवर मुका पडला असेल, तर तो एकदां जवारीसाठीं मिरजेस पाठवावा, एवढीच विनंती.