पत्ता हातातून सुटला पाहिजे

(लातूर इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आत येताना दाराशी एक लांब टेबल मांडलंय, ते तुम्ही पाहिलं असेल. त्यावर छोटे छोटे पत्ते आहेत. अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच. नांदेडच्या मुलांनी ते हातानं रंगवलेत. प्रत्येकानं एकेक देश घेतला आणि त्या देशावर एक पत्ता केला. आज व्याख्यान संपल्यावर इथल्या, लातूरच्या मुलांच्या पत्त्यांशी त्यांची अदलाबदल व्हायची आहे. नांदेडचा पत्ता लातूरला राहील, लातूरचा नांदेडला जाईल.

गेल्या आठवड्यात मी नांदेडला त्या मुलांबरोबर बसलो होतो. एका मुलीनं जपान घेतला होता. मागं फुजी पर्वत, वर बर्फ, आणि पुढं एक झाड. आता ते झाड काही जपानचं नव्हतं हो. ती आपली बाभूळ होती, काट्यांसकट. मी म्हटलं, "अगं, जपानात बाभूळ कुठनं आली?" ती म्हणाली, "सर, तिथलं झाड मी पाहिलंच नाही ना." पत्ता पुरा झाल्यावर तिनं मला विचारलं, "सर, द्यायचा म्हणजे कायमचाच का? परत नाही मिळणार?"

मी तिला तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. आजचं बोलणं हे खरं म्हणजे तिच्या प्रश्नाचं उत्तर आहे. जरा लांबचं आहे, पाचशे वर्षांचं आहे, तेवढं ऐकून घ्या.

आधी हा खेळ आजच्या रूपात कुठून आला, ते सांगतो. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात श्टिर्नेमान नावाच्या कलावंतानं १२०० पत्ते स्वतःच्या हातानं केले आणि १९९७ साली त्यांचं प्रदर्शन मांडलं. लोकांना त्यानं सांगितलं, तुम्हाला यातला पत्ता हवा असेल तर तुमचा एक करून आणा आणि शेवटच्या दिवशी बदलून घ्या. विकत मिळणार नाही. पुढं कॅनडातल्या कॅलगरीत अशा बैठका सुरू झाल्या आणि तिथून जगभर पसरल्या. नियम साधे आहेत. पत्ता स्वतः केलेला हवा, मागं नाव आणि तारीख हवी, आकार ठरलेला, आणि तो विकायचा नाही, बदलायचा.

आता कुणी म्हणेल, म्हणजे हे परदेशी फॅड आहे. तर तसं नाही. हातानं रंगवलेला पत्ता दूरच्या माणसाला पाठवायचा, ही गोष्ट आपल्याकडं किती जुनी आहे? तिची तारीखच सांगता येते. साल १५२७, महिना जून. खानव्याची लढाई होऊन तीनच महिने झालेत. बाबर आपल्या आत्मचरित्रात लिहितो, की सिंधमध्ये ठठ्ठ्याच्या शाह हसनकडं मीर अलीला पाठवलं, आणि त्याच्याबरोबर गंजिफा पाठवला. कारण शाह हसनला त्याचा फार नाद होता आणि त्यानं तो मागितला होता. भारतातल्या गंजिफाचा हा सगळ्यात जुना लेखी उल्लेख मानला जातो. बघा, पहिला उल्लेखच पाठवण्याचा आहे. कुणी कुणाला हरवलं याचा नाही.

गंजिफा हा शब्द इराणातून आला. पत्त्यांचा खेळ त्याहून जुना, त्याचं मूळ चीनकडं जातं. तिथून तो पश्चिमेकडं सरकत गेला. इजिप्तच्या ममलूक सुलतानांच्या काळातला एक संच इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे. त्यात नाणी, पेले, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे चार रंग आहेत. हेच पत्ते चौदाव्या शतकात युरोपात पोहोचले. पण तिथं पोलो कुणाला ठाऊक? अभ्यासक सांगतात, की तिथल्या चित्रकारांनी पोलोच्या काठीची साधी काठी, सोटा करून टाकला. स्पेन आणि इटलीच्या पत्त्यांत तो सोटा अजून आहे. म्हणजे आमच्या नांदेडच्या मुलीनं जे केलं, तेच की! जे पाहिलं नाही, त्याच्या जागी आपलं घालायचं. पत्त्याचा सगळा इतिहास असाच झालाय.

हिंदुस्थानात हे कसं झालं? अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत बारा रंगांच्या एका जुन्या गंजिफाचं वर्णन आहे. बारा रंग, प्रत्येकात बारा पत्ते, एकशे चव्वेचाळीस. प्रत्येक रंगाचा एक राजा. अश्वपती म्हणजे घोड्यांचा राजा, तो दिल्लीच्या बादशहासारखा. गजपती म्हणजे हत्तींचा राजा, ओरिसाच्या राजासारखा. नरपती म्हणजे पायदळाचा राजा, विजापूरच्या राजासारखा. पुढं गडांचा राजा, धनाचा राजा, नौकांचा राजा, अगदी सापांचाही राजा. आता मला सांगा, बाहेरच्या टेबलावर काय आहे? एकेक देश, एकेक पत्ता. अकबराच्या दरबारात हातात पानं धरून बसलेला माणूस तेच बघत होता. कुठल्या देशाचं बळ कशात आहे, हे त्याला पत्त्यावर दिसत होतं.

अकबरानं त्यात बदल केले आणि आठ रंगांचा डाव बसवला. त्यातला बरात नावाचा रंग मला फार आवडतो. बरात म्हणजे सरकारी कागदपत्र, फर्मानं. त्या रंगाच्या खालच्या पत्त्यांवर कोण आहे? कागद करणारा, दफ्तर लिहिणारा, पानं सजवणारा नक्काश, बांधणी करणारा. राजा आणि वजीर वर आहेतच, पण ज्यांच्या हातानं कागद तयार होतो, त्यांनाही पत्त्यात जागा मिळाली. नक्काश हा शब्द लक्षात ठेवा, तो आपल्या वाटेवर पुन्हा येणार आहे.

मुघल डाव शहाण्णव पत्त्यांचा. दक्षिणेत आणि इतरत्र त्याच डावाचं रूप पालटलं. बादशहा गेला, विष्णू आला. दशावतारी गंजिफा: दहा अवतार, दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण एकशे वीस गोल पत्ते. मत्स्याच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवं, परशुरामाच्या रंगात परशू. तीन जण खेळायला बसतात, प्रत्येकाला चाळीस पानं. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडं त्यानं सुरुवात करायची, रात्री असेल तर कृष्णाचा. अर्ध्या रंगांत दहा मोठा आणि उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा. म्हणजे चाळीस पानं हातात आणि दोन हिशेब डोक्यात. आपल्या रमीपेक्षा अवघडच म्हणायचं. (हशा)

आणि हे पत्ते होत कसे? सुती कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे. वर खडूचा लेप द्यायचा, वाळला की गुळगुळीत दगडानं घोटायचा. मग गोल कापायचा. मग रंग, मग बारीक कुंचल्यानं रेघा, मग लाखेचा हात. पत्ता रुपयाच्या जुन्या नाण्याहून थोडा मोठा, आणि त्यात मुकुट, डोळे, हातातलं शस्त्र, सगळं बसवायचं. असे एकशे वीस. मागची बाजू तर सगळ्यांची एकसारखीच हवी, नाहीतर पान ओळखू येईल. त्यावर लाकडी पेटी, तीही रंगवलेली.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं सावंतवाडीचं झालं. आमच्या मराठवाड्याचं काय?

नांदेडहून भोकर, भैंसा असं निघालात की निर्मल लागतं. तिथली लाकडी खेळणी तुमच्यापैकी बऱ्याच घरांत असतील. ती करणाऱ्या लोकांना काय म्हणतात? नक्काश. आणि हे निर्मल गंजिफाचंही एक केंद्र होतं. जुन्या संग्रहांमध्ये निर्मलचे पत्ते आहेत. आज निर्मल तेलंगणात आहे, म्हणून आपल्याला ते परकं वाटतं. पण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नांदेड आणि निर्मल एकाच हैदराबाद राज्यात होते. किनवट तालुका तर आदिलाबाद जिल्ह्यातच होता, जिथं निर्मल होतं. इकडं उदगीर, अहमदपूर, निलंगा बिदर जिल्ह्यात होते. भाषेनुसार राज्यं झाली, ती व्हायलाच हवी होती. पण आपण कलेचा इतिहाससुद्धा त्याच रेषेवर कापला. मराठी माणसानं गंजिफा म्हटलं की सावंतवाडी आठवायची, दोन-तीन तासांवरचं निर्मल नाही.

गंमत अशी, की सावंतवाडीत स्वतःच काय सांगितलं जातं? तिसऱ्या खेम सावंतांच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकात, शास्त्रचर्चेसाठी तेलंगणातून विद्वान आले आणि त्यांच्याबरोबर गंजिफा तिथं आला. ही तिथली परंपरेनं चालत आलेली हकीकत आहे. ती खरी धरली तर कोकणाची म्हणून मिरवणारी ही कला आपल्या शेजारच्या मुलखातून गेली. तिथल्या चितारी मंडळींनी ती उचलली आणि आपली केली.

मग ही कला मोडली कशानं? स्वस्त छापील पत्त्यांनी. युरोपी पत्ते पोर्तुगीजांबरोबर आले होतेच, पण एकोणिसाव्या शतकात कारखान्यात छापलेली बावन्न पानांची जुडी बाजारात आली आणि चिताऱ्याच्या महिनाभराच्या कामाची किंमत संपली. आपण तीही जुडी आपलीशी केली, हे विसरू नका. आकार बघून बदाम म्हटलं, चौकट म्हटलं. किलवर तसंच ठेवलं, ते मराठी नाही हे कानालाच कळतं. आणि राजा-राणीच्या खाली गुलाम बसवला. हा शब्द मुघल गंजिफातही एका रंगाचं नाव होता.

१९७० च्या सुमारास सावंतवाडीत हे काम येणारा एकच म्हातारा कारागीर उरला होता. शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी त्याच्याकडून ती विद्या शिकून घेतली, तरुणांना शिकवली आणि राजवाड्यातच कारखाना सुरू केला. आज तुम्ही तिथं गेलात तर दरबार हॉलमध्ये बसून रंगवणारी माणसं दिसतात. ते त्या दोघांचं ऋण आहे. तसंच रुडॉल्फ फॉन लेडन यांचं. हा माणूस जर्मनीतून १९३३ साली मुंबईला आला, इथं कलासमीक्षक झाला आणि गावोगावचे गंजिफा त्यानं गोळा केले. १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्याचं मोठं प्रदर्शन झालं.

पण इथं एक टोचणारी गोष्ट आहे, ती सांगायला हवी. पत्ते वाचले, खेळ वाचला नाही. आज घेतलेला संच बहुतेक वेळा चौकटीत जातो, भिंतीवर लागतो. तो दिसतो सुंदर. पण ज्या हाताला रामाचा राजा आल्यावर आनंद व्हायचा, तो हात राहिला नाही. मागणी पर्यटकाची, गिऱ्हाइकाची. कारागिराचं पोट त्यावर चालतं, आणि ते चाललंच पाहिजे. तरी जिथं पत्ते पिसले जात नाहीत, वाटले जात नाहीत, तिथं नवं चित्र काढायची गरजही कमी होते. जुन्याचीच नक्कल पुरते. बादशहाचा विष्णू झाला, पोलोच्या काठीचा सोटा झाला, तो पत्ता फिरत होता म्हणून. एका ठिकाणी थांबला असता तर काहीच झालं नसतं.

आपल्या लहानपणी हे फिरणं होतं की. काड्यापेटीवरची चित्रं आपण गोळा करायचो, दोन वाघांना एक जहाज असा भाव असायचा. एके काळी त्या काड्यापेट्या जपान आणि स्वीडनमधून यायच्या आणि त्यांच्यावर आपले देव असायचे. तिकडच्या चित्रकारानं काढलेले आपले देव! नंतरच्या मुलांनी कुस्तीवाल्यांचे पत्ते बदलले. फक्त एक फरक होता. ती चित्रं आपण केलेली नव्हती, म्हणून ती देताना जीव तुटत नव्हता.

त्या मुलीचा तुटत होता, कारण पत्ता तिनं केला होता. आणि मला वाटतं, सगळं मोल त्यातच आहे. तिला मी आज सांगणार आहे, ती आलीय इथं, मागच्या रांगेत बसलीय: बाळा, तुझा फुजी आणि तुझी बाभूळ आज लातूरच्या एखाद्या मुलाकडं जाईल. परत मिळणार नाही. पण उद्या त्यानं जपान काढला, तर त्यातही बाभूळ येईल. कदाचित तो तिला जपानी झाडच समजेल. तेव्हा समज, की तुझा पत्ता पोहोचला.

आणि मोठ्यांना एक विनंती. मुलांचा पत्ता छान झाला म्हणून तो फ्रेम करून ठेवू नका. फोटो काढून घ्या हवा तर. पत्ता मात्र देऊ द्या. मागच्या बाजूला नाव, गाव आणि तारीख घालायला सांगा. मराठीत दोन्हीला पत्ताच म्हणतात, हे बरं आहे. चित्राचाही पत्ता आणि घराचाही. समोरच्याला उत्तर पाठवायचं तर दुसरा लागतोच.

टेबलं मोकळी केलीत, रंगही ठेवलेत. ज्यांनी पत्ता आणला नसेल, त्यांनी इथंच करा. वयाची अट नाही.