अर्धवट गेम, रोख पैसे

मागच्या शनिवारी रात्री दीड वाजता मी एका अर्धवट गेमला शिव्या घातल्या. अगदी रीतसर, लेखी. 'पैसे पाण्यात गेले, बनवणारा झोपलाय' वगैरे. सोमवारी ऑफिसात पोचलो तर आमच्याच सॉफ्टवेअरबद्दल एका ग्राहकाची तक्रार माझी वाट बघत होती : "काहीही चालत नाही." बस्स, एवढंच! काय चालत नाही, कुठे अडलं, कुठली आवृत्ती, काही पत्ता नाही. तेव्हा शनिवारचा मी मलाच आठवलो आणि जरा लाज वाटली. म्हटलं, अपुऱ्या गेमला पैसे द्यायची ही पद्धत आली तरी कुठून, ते बघू.

आमची पिढी तशी या बाबतीत बदनामच. लॅमिंग्टन रोडच्या चोरट्या सीड्यांवर वाढलेली. पूर्ण झालेल्या गेमचेही पैसे बनवणाऱ्याला दिले नाहीत, तर अपुऱ्याचे कुठून देणार? शेअरवेअर तेवढं माहीत होतं. १९९३ च्या 'डूम'चा पहिला भाग फुकट, आवडला तर पुढचे विकत. पण तिथे गेम तयार होता, फक्त थोडाच दाखवला होता.

तयार नसलेली वस्तू 'तयार नाही' असं सांगून विकणं, ही गंमत वेगळी. अंकाऱ्याच्या आर्मागान आणि इपेक यावुझ या जोडप्याने 'माउंट अँड ब्लेड' असाच विकला. २००८ मध्ये तो पूर्ण झाला, त्याच्या बऱ्याच आधीपासून. पण हवा केली ती 'माइनक्राफ्ट'ने. स्वीडनच्या मार्कुस पेर्सोनने मे २००९ मध्ये नोकरी सांभाळून पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली आणि जूनपासून विकायला काढली. अल्फा ९.९५ युरो, डिसेंबर २०१० पासून बीटा १४.९५, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये पूर्ण गेम १९.९५. हिशेब सरळ होता : जो लवकर येतो तो धोका पत्करतो, म्हणून त्याला स्वस्त. पूर्ण व्हायच्या आधीच ४० लाख प्रती खपल्या होत्या!

यातून बऱ्याच जणांनी सोयीचा धडा घेतला, की पैसे दिले म्हणजे गेम पूर्ण होणारच.

त्याच २०११ मध्ये ब्रिटनच्या 'द इंडी स्टोन' या छोट्या कंपूने अपुरा 'प्रोजेक्ट झोम्बॉइड' विकायला काढला. ऑक्टोबरमध्ये त्यांच्यातल्या दोघांच्या घरी चोरी झाली. दोन लॅपटॉप गेले आणि त्यांच्यासोबत बरंचसं नवं काम. बॅकअपच्या नावाने बोंब! (हसू नका, आपल्यापैकी किती जणांचा बॅकअप ताजा आहे?) ग्राहक चिडले, ते समजू शकतं, पण त्यांना जे ऐकावं लागलं ते चिडण्याच्या पलीकडचं होतं. तरी ही मंडळी टिकली. डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे चोरीनंतर दहा वर्षांनी, त्यांच्या ४१ व्या बिल्डवर खेळणाऱ्यांची झुंबड उडाली.

उलटी गोष्टही आहे. मार्च २०१३ मध्ये 'स्टीम'ने १२ गेम घेऊन 'अर्ली अ‍ॅक्सेस' सुरू केलं. त्याच ऑक्टोबरात 'डबल फाइन' या नावाजलेल्या कंपनीचा 'स्पेसबेस डीएफ-९' तिथे आला. वर्षभरात विक्रीतून खर्च निघेना, तेव्हा ठरवलेल्या कित्येक गोष्टी सोडून त्यालाच 'पूर्ण' म्हणून टाकलं. इथे लोकांचा राग मला रास्त वाटतो. २०१४ च्या अखेरीस स्टीमने बनवणाऱ्यांना बजावलं : भविष्याची ठोस वचनं देऊ नका, आणि विक्री झाली नाही तर काम पुढे नेता येणार नसेल तर येऊच नका.

तर सांगायचा मुद्दा असा, की आपण आजची आवृत्ती विकत घेतो, उद्याची नाही. आजची पैशांच्या लायकीची वाटत नसेल तर थांबावं. घेऊन फसलो असं वाटलं तर स्टीमवर २०१५ पासून पैसे परत मिळतात : १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर. त्याला शिव्यांची गरज नाही.

आणि बोलायचंच असेल, तर आपल्याला काय झालं ते सांगावं. 'नकाशा बदला' यापेक्षा 'मी वीस मिनिटं रस्ता शोधत फिरलो' हे कितीतरी जास्त उपयोगी. उपाय त्याला सुचेल, त्याचा धंदाच आहे तो. आपली वीस मिनिटं मात्र आपण सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाहीत. वचन मोडलं असेल तर कुठलं, ते स्पष्ट लिहावं. माणसाची लायकी काढू नये.

काल रात्री मी माझं जुनं लिखाण पुसलं आणि नवं लिहिलं : कुठली आवृत्ती, पूल ओलांडताना गेम बंद पडतो, तीनपैकी तीनदा. सकाळी उत्तर आलं होतं : "सापडलं, आभार."

असो. आता आमच्या त्या 'काहीही चालत नाही'वाल्यांना उद्या फोन करतो. माझ्यासारखेच तेही रात्री दीड वाजता वैतागले असतील.