परीकथांतील क्रौर्याचे संपादन : ग्रिम बंधूंचा कथासंग्रह आणि त्याची आधुनिक पुनर्कथने

प्रस्तावना

परीकथा म्हणजे बालवाङ्मय आणि बालवाङ्मय म्हणजे निरागस वाङ्मय, असे समीकरण पाठ्यपुस्तकांपासून चित्रपटांपर्यंत सर्वत्र रूढ झालेले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी साहित्यात या समीकरणास छेद देणारा एक लेखनप्रवाह बळावला. अँजेला कार्टर, टॅनिथ ली, नील गेमन आदी लेखकांनी परिचित परीकथा नव्याने सांगताना त्यांत रक्त, वासना, भय आणि नैतिक संदिग्धता यांना मध्यवर्ती स्थान दिले. या लेखनाचा मोठा भाग ‘डार्क फँटसी’ या नावाने ओळखला जातो.

या पुनर्कथनांविषयी दोन परस्परविरोधी मते आढळतात. पहिल्या मतानुसार या लेखकांनी निरागस कथा विद्रूप केल्या. दुसऱ्या मतानुसार त्यांनी कथांचे दडपलेले मूळ रूप पुन्हा उजेडात आणले. वरकरणी विरोधी भासणारी ही दोन्ही मते एकाच गृहीतकावर उभी आहेत. ते म्हणजे, या कथांना एक निश्चित ‘मूळ’ रूप होते. कथासंग्रहांच्या आवृत्त्यांचा इतिहास या गृहीतकास दुजोरा देत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहात १८१२ ते १८५७ या काळात झालेल्या बदलांचे स्वरूप तपासणे.
२) या बदलांमागील सामाजिक व सांस्कृतिक कारणांचा शोध घेणे.
३) आधुनिक पुनर्कथने नेमके काय परत आणतात व काय वगळतात, हे स्पष्ट करणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. एकाच कथेची भिन्न काळांतील मुद्रित रूपे शेजारी ठेवून त्यांतील फरकांचा अर्थ लावला आहे.

विवेचन

१. ग्रिमपूर्व परंपरा

युरोपीय मुद्रित परीकथेचा आरंभ बालकांसाठी झालेला नाही. जांबात्तिस्ता बाझिले याचा नेपल्सच्या बोलीतील कथासंग्रह त्याच्या मृत्यूनंतर १६३४ ते १६३६ या काळात प्रसिद्ध झाला. त्यातील निद्रिस्त तालियाची कथा आजच्या वाचकास हादरवून टाकते. राजा तिला निद्रावस्थेतच भोगतो, ती झोपेतच जुळ्यांना जन्म देते आणि पुढे राजाची राणी त्या मुलांना शिजवून राजाला वाढण्याची आज्ञा देते. चौदाव्या लुईच्या काळात शार्ल पेरो याने १६९७ मध्ये आठ गद्य कथांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या ‘लाल टोपीवाली’ या कथेत लांडगा मुलीला खाऊन टाकतो आणि कथा तेथेच संपते. कोणीही तिच्या सुटकेस येत नाही. कथेला जोडलेले पद्य तरुणींना गोडबोल्या पुरुषांपासून सावध राहण्यास सांगते. म्हणजेच पेरोच्या संग्रहातील क्रौर्य दरबारी समाजाच्या शिष्टाचारशिक्षणाचे साधन होते.

२. ग्रिम बंधूंचा संग्रह : लोकपरंपरा की संपादन?

याकोब (१७८५–१८६३) व विल्हेल्म (१७८६–१८५९) या बंधूंनी संकलनास प्रारंभ केला तेव्हा जर्मन प्रदेश नेपोलियनच्या वर्चस्वाखाली होता. त्यांचे वास्तव्य असलेले कासेल हे शहर जेरोम बोनापार्टच्या वेस्टफालिया राज्याची राजधानी होते आणि याकोब स्वतः त्या राजाचा ग्रंथपाल होता. परकीय सत्तेच्या छायेत जर्मन जनांचा वाङ्मयीन वारसा जतन करणे, ही या संकलनामागील प्रेरणा होती. पहिला खंड डिसेंबर १८१२ मध्ये ८६ कथांसह, तर दुसरा १८१५ मध्ये ७० कथांसह प्रसिद्ध झाला. या आवृत्तीला विद्वत्तापूर्ण टिपा जोडलेल्या होत्या. ते प्राधान्याने मुलांसाठी सजविलेले पुस्तक नव्हते.

हा वारसा पूर्णतः ग्रामीण वा पूर्णतः जर्मन होता, असेही म्हणता येत नाही. कथा सांगणाऱ्यांत कासेलमधील सुशिक्षित कुटुंबांतील तरुणींची संख्या लक्षणीय होती. हासेनफ्लुग कुटुंब फ्रेंच ह्यूगेनॉट वंशाचे होते; बंधूंनी आदर्श ग्रामीण कथक म्हणून गौरविलेल्या शिंप्याच्या पत्नी डोरोथेआ फीमान यांचे पूर्वजही ह्यूगेनॉटच होते. त्यामुळे पेरोच्या कथा या मार्गाने जर्मन संग्रहात पोहोचल्या. ‘निळी दाढी’ ही कथा १८१२ मध्ये संग्रहात होती. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती वगळण्यात आली.

३. काय वगळले, काय वाढविले?

पहिल्या आवृत्तीतील काही कथा मुलांच्या हाती देण्याजोग्या नाहीत, असा आक्षेप बंधूंच्या स्नेह्यांकडूनच आला. पुढील आवृत्त्यांचे संपादन मुख्यतः विल्हेल्म याने केले. १८२५ मध्ये निवडक ५० कथांची छोटी सचित्र आवृत्ती निघाली आणि संग्रहाचा वाचक निश्चित झाला. तो म्हणजे मध्यमवर्गीय कुटुंब. १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत चाललेल्या या संपादनात तीन प्रवृत्ती स्पष्टपणे दिसतात.

पहिली प्रवृत्ती लैंगिक सूचन पुसून टाकण्याची. १८१२ च्या कथेत रापुन्झेल आपले कपडे घट्ट का होऊ लागले, असे भाबडेपणाने विचारते आणि तिचे गर्भारपण उघड होते. नंतरच्या आवृत्त्यांत, राजपुत्रापेक्षा तुला वर ओढून घेणे इतके जड का जाते, असे ती विचारते. रहस्यभेद तसाच राहिला, मात्र देह नाहीसा झाला.

दुसरी प्रवृत्ती याच्या नेमकी उलट आहे. शिक्षेच्या स्वरूपातील हिंसा कमी झाली नाही, किंबहुना काही ठिकाणी ती वाढली. सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे कबुतरे टोचून काढतात, हा प्रसंग १८१२ मध्ये नव्हता. तो १८१९ मध्ये घालण्यात आला. हिमगौरीच्या वैरिणीला तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावे लागते, हा शेवट सर्व आवृत्त्यांत कायम राहिला. दुष्टांना मिळणारी शिक्षा कितीही भीषण असली तरी ती नीतिशिक्षणास पोषक मानली गेली. मारिया टाटार यांनी आपल्या १९८७ च्या ग्रंथात या विसंगतीकडे लक्ष वेधले आहे.

तिसरी प्रवृत्ती सर्वांत अर्थपूर्ण आहे. १८१२ मध्ये हिमगौरीच्या जिवावर उठणारी आणि तिचे फुप्फुस व यकृत खाऊ पाहणारी स्त्री तिची जन्मदात्री आई आहे. १८१९ पासून ती सावत्र आई झाली. हान्सेल व ग्रेटेल यांना अरण्यात सोडून देण्याचा आग्रह धरणारी आईदेखील १८४० च्या आवृत्तीत सावत्र झाली. एकोणिसाव्या शतकातील मध्यमवर्गाने मातृत्वास जे पावित्र्य बहाल केले, त्याच्याशी मूळ पाठ विसंगत होता. म्हणून क्रौर्य तसेच ठेवून केवळ कर्ती बदलण्यात आली.

४. भुकेचे विस्मरण

या स्थलांतराने एक ऐतिहासिक आशय झाकला गेला. रॉबर्ट डार्न्टन यांनी १९८४ मध्ये फ्रेंच शेतकऱ्यांच्या कथांचे विवेचन करताना दाखविले की, भूक, बालमृत्यू, मुलांचा त्याग आणि बाळंतपणात दगावणाऱ्या माता हे त्या कथा सांगणाऱ्यांचे दैनंदिन वास्तव होते. डार्न्टन यांनी आधारास घेतलेल्या अनेक मौखिक कथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नोंदविलेल्या असल्याने त्यांच्यावरून अठराव्या शतकाविषयी अनुमान काढताना सावधगिरी आवश्यक आहे. तथापि ग्रिम संग्रहातील एक उदाहरण त्यांच्या मांडणीस बळ देते.

१८१५ च्या खंडात दुष्काळातील मुलांची एक अत्यंत लहान कथा होती. उपासमारीने हवालदिल झालेली आई आपल्या दोन मुलींना सांगते की, तुम्हाला मारून खाण्यावाचून मला गत्यंतर उरलेले नाही. मुली आळीपाळीने भाकरीचे तुकडे मिळवून आणतात, पण ते पुरत नाहीत. शेवटी त्या झोपी जातात आणि पुन्हा कोणालाही जाग्या करता येत नाहीत. या कथेत चेटकीण नाही, सावत्र आई नाही आणि शिक्षाही नाही. १८१६–१७ मध्ये जर्मन प्रदेशांनी प्रत्यक्ष दुष्काळ अनुभवला आणि १८१९ च्या आवृत्तीत ही कथा दिसत नाही. या कालक्रमावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. परंतु कथेत शिक्षा करण्याजोगा दुष्टच नसल्याने नव्या नीतिचौकटीत तिला जागा उरली नव्हती, असे म्हणता येते. खुद्द ‘हान्सेल आणि ग्रेटेल’मध्ये भूक शिल्लक राहिली, मात्र दोष दारिद्र्याकडून सावत्र आईकडे सरकला.

५. आधुनिक पुनर्कथने

या पार्श्वभूमीवर आधुनिक पुनर्कथनांचे वाचन वेगळे ठरते. पेरोच्या कथांचा इंग्रजी अनुवाद १९७७ मध्ये प्रसिद्ध केल्यानंतर अँजेला कार्टर (१९४०–१९९२) यांचा ‘द ब्लडी चेंबर’ हा कथासंग्रह १९७९ मध्ये आला. पेरोच्या ‘निळी दाढी’त नववधूला तिचे भाऊ सोडवितात, कार्टर यांच्या शीर्षककथेत तिची आई घोड्यावरून दौडत येते. लांडग्याच्या कथेतही मुलगी भयाने गर्भगळीत न होता स्वतःच्या धैर्याने वाचते. पॉल देलारू यांनी प्रकाशात आणलेल्या, १८८५ च्या सुमारास नोंदविलेल्या फ्रेंच मौखिक पाठातही मुलगी स्वतःच्याच चातुर्याने निसटते. अर्थात कार्टर यांनी देहभान व स्त्रीचे कर्तेपण परत आणले, शिवाय आईलाही तारणहार म्हणून प्रतिष्ठित केले.

टॅनिथ ली यांचा ‘रेड ॲज ब्लड’ (१९८३) हा संग्रह आणि नील गेमन यांची ‘स्नो, ग्लास, ॲपल्स’ (१९९४) ही कथा यांत हिमगौरीच रक्तपिपासू ठरते. गेमन यांच्या कथेचे निवेदन तर सावत्र आईच करते. बदनाम स्त्रीला तेथे आपली बाजू मांडता येते. येथे एक बाब नजरेआड होऊ नये. ग्रिमच्या संग्रहात ही सावत्र आईच १८१९ च्या संपादनातून आलेली आहे. ग्रिमच्या मागे जाऊन ‘खरी’ कथा सांगितल्याचा आभास निर्माण करणारे पुनर्कथन प्रत्यक्षात ग्रिमच्याच दुरुस्तीवर उभे राहते. शिवाय येथे विचारात घेतलेल्या पुनर्कथनांत वासना व हिंसा ठळकपणे परतते. पण मुलींना भाकरी पुरवू न शकणारी ती हतबल जन्मदात्री परतत नाही.

निष्कर्ष

१) परीकथेतील क्रौर्य एकदा काढून टाकले व पुढे परत आणले, असा सरळ क्रम आढळत नाही. प्रत्येक काळाने कोणते क्रौर्य सांगावे आणि ते कोणाच्या माथी मारावे, याचा नव्याने निर्णय घेतला.

२) ग्रिम बंधूंच्या संपादनात लैंगिकता घटली, शिक्षेची हिंसा टिकली वा वाढली आणि मातेचा दोष सावत्र मातेकडे गेला.

३) आधुनिक पुनर्कथनांनी यांपैकी पहिला बदल उलटविला आणि तिसऱ्यास प्रश्न विचारला, भुकेचा सामाजिक इतिहास मात्र बव्हंशी अस्पर्शितच राहिला.

४) १८१२–१५ च्या पहिल्या आवृत्तीचा जॅक झाइप्स यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१४ पासून उपलब्ध आहे. तो १८५७ च्या पाठाशेजारी ठेवून वर्गात वाचल्यास साहित्याच्या व इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक मूलभूत गोष्ट उमगू शकेल. लोककथेचा मुद्रित पाठ हे लोकमानसाचे थेट प्रतिबिंब नसून, इतर कोणत्याही दस्तऐवजाप्रमाणे तोही कोणीतरी, कोणासाठी तरी सिद्ध केलेला असतो. त्यातून वगळल्या गेलेल्यांचा शोध घेणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.