मुक्त विद्यापीठ : पुस्तकापासून व्हॉट्सॲपपर्यंत
यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी नाशिकमध्ये स्थापन झाले, डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू. शेतकरी, गृहिणी, नोकरदार यांना रोज वर्गात येणे शक्य नव्हते. म्हणून शिकवण्याचा मुख्य भार स्वयं-अध्ययनाच्या मराठी पुस्तकांवर आला. विद्यार्थ्याशी बोलणारी ही पुस्तके विद्यापीठाची खरी कमाई होय. शंका मात्र अभ्यासकेंद्रावरच्या संपर्कसत्रापर्यंत थांबत. ध्वनिफिती आल्या, पण त्यांना प्रश्न विचारता येत नसे. ती उणीव स्मार्टफोनने बरीचशी भरून काढली. २०२० च्या टाळेबंदीत राज्यभरातील उच्चशिक्षण यूट्यूब व व्हॉट्सॲपकडे वळले. व्याख्यान पुन्हा ऐकता येऊ लागले, सहाध्यायी एकमेकांच्या शंका सोडवू लागले. रेंज नसलेल्या पाड्यांवर मात्र छापील पुस्तकच उपयोगी पडते.