सोलेदादची नऊ मुलं

‘हे पोर मंद आहे’ हा शिक्का लेकरावर कसा बसतो, याची आज अमेरिकेतली गोष्ट सांगतो.

कॅलिफोर्निया राज्यात सोलेदाद नावाचं शेतीवाडीचं गाव आहे. मूळची मेक्सिकोकडची कुटुंबं तिथं शेतमजुरी करायची. घरची बोली स्पॅनिश. शाळेत बुद्धीची चाचणी झाली ती इंग्रजीतून. त्यात कमी पडली म्हणून नऊ मुलं मतिमंदांच्या वर्गात गेली. (शब्द त्या काळचा, आमचा नव्हे.) अशा वर्गांत लिहिण्या-वाचण्यापेक्षा नीटनेटकं राहणं, कामापुरतं वळण लावणं यावर भर असायचा. म्हणजे पुढची वाट तिथंच बंद.

१९७० साली प्रकरण कोर्टात गेलं. दोन्ही भाषा जाणणाऱ्या तपासनिसानं मुलांना पुन्हा तपासलं, स्पॅनिशमध्ये उत्तर द्यायची मुभा दिली. नवांपैकी सात मुलं मर्यादेच्या वर निघाली! पोरं तीच, डोकं तेच. घरी पावरी किंवा गोंडी बोलणाऱ्या लेकराला पुस्तकी मराठीत प्रश्न विचारला तर तेही गप्पच बसेल ना? राज्यानं तडजोड केली आणि मुलाच्या भाषेत तपासणी मान्य केली.

पण दोष एकट्या भाषेचा नव्हता. सॅन फ्रान्सिस्को शहरातली काळी मुलं इंग्रजीच बोलत. तरी शाळांमध्ये ती शंभरात २८-२९, आणि या वर्गांत शंभरात ६६. नावाजलेल्या चाचण्यांची जुनी मोजपट्टी ठरवली होती ती फक्त गोऱ्या मुलांना तपासून. शिवाय चाचणीच्या आधी येते शिक्षकाची नजर. एकाचा दंगा खोडकरपणा, दुसऱ्याचा तोच दंगा ‘डोक्यानं कमी’. मनात खोट नसतानाही हे घडतं, म्हणूनच ते पकडायला अवघड.

तिथल्या पालकांनी १९७१ मध्ये दावा लावला. निकालाला १९७९ उजाडलं. काळ्या मुलांना बुद्ध्यांक चाचणीवरून अशा वर्गांत घालायचं नाही, असा हुकूम न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी दिला.

दरम्यान १९७५ मध्ये देशाचा कायदाही झाला होता. एकाच चाचणीवर निकाल नको, तपासणी मुलाच्या भाषेत, आणि वर्ग बदलण्याआधी आईवडिलांना लेखी कळवायचं, तेही त्यांच्या भाषेत.