डोंबिवली एमआयडीसी: कारखान्यात अपघात झाला तर कामगाराला भरपाई कोण देतं?

23 मे 2024 रोजी डोंबिवली एमआयडीसीतील अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला आणि दहाहून अधिक जणांचा जीव गेला. काही मृतांची ओळख डीएनए चाचणीनंतरच पटली. त्याआधी 26 मे 2016 ला याच एमआयडीसीत प्रोबेस एंटरप्रायझेसच्या स्फोटात 12 जण दगावले होते.

2024 मध्ये सरकारने मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी 5 लाखांची मदत जाहीर केली. पण ही मदत म्हणजे कायद्याने मिळणारी भरपाई नव्हे. त्यासाठी वेगळा दावा असतो.

ईएसआयसीत नाव असेल तर?

दरमहा 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार या योजनेत येतात. कामावर मृत्यू झाल्यास अवलंबितांना पगाराच्या साधारण 90 टक्के दराने दरमहा लाभ मिळतो. मग त्याच अपघातासाठी मालकाकडे वेगळी कामगार भरपाई मागता येत नाही.

ईएसआयसी लागू नसेल तर?

तेव्हा 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण मूळ सूत्र तेच आहे: मृत्यू झाल्यास पगाराचे 50 टक्के, कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास 60 टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला आकडा.

उदाहरणार्थ, 1923 च्या कायद्यात हिशेबासाठी पगाराची मर्यादा 15,000 रुपये होती आणि 30 वर्षांच्या कामगारासाठी आकडा 207.98. म्हणजे मृत्यूची भरपाई 15,59,850 रुपये.

ठेकेदाराचा कामगार असेल तर?

तरीही मूळ कंपनीकडे दावा करता येतो. कंपनी ती रक्कम नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकते.

हे विसरू नका

• दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो.
• मृत्यूची भरपाई मालकाने सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. घरी आणून दिलेले पैसे भरपाई धरले जात नाहीत.
• ‘आता आमचा काही हक्क नाही’ अशा कागदावर सही घेतली, तरी कायदेशीर हक्क जात नाही.
• पगाराची स्लिप, गेटपास, हजेरीची नोंद, एफआयआर आणि उपचारांची कागदपत्रं जपून ठेवा.

शेजारच्या रहिवाशांचं काय?

घातक रसायनांच्या अपघातात जखमी झालेले किंवा नुकसान झालेले रहिवासी 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतात. मुदत पाच वर्षांची आहे आणि कंपनीची चूक सिद्ध करावी लागत नाही.